दारावरचे चार हात

वकीलबाई आल्या तेव्हा कारखान्यातले चौघेही एकाच बाकावर बसले होते, आणि एवढ्यावरूनच त्यांनी काय ते ओळखायला हवं होतं. वहिनींचे यजमान दादा गेल्यापासून या घरातली चार माणसं एका बाकावर मावली नव्हती. वहिनी हिशेबाच्या टेबलापाशी, त्यांचा मुलगा पुट्ट्या दारात फोन कानाला लावून, सून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर आणि दादांचे भाऊ काका रंग कालवायच्या टेबलामागे, अशा सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. बोलायचं झालं तर आपापल्या जागेवरून ओरडून बोलायचं. आज मात्र कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं.

पुट्ट्या हे काही कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी तो काकांना भिंतीवरच्या पुट्टीसारखा असा चिकटलेला असायचा की कामगारांनी त्याला हे नाव लावलं, आणि ते चाळिशीतही सुटलं नाही. आता तो मोठी कंत्राटं घेतो, इस्त्रीचे शर्ट घालतो, तरी गवंडी त्याला पुट्ट्यासाहेबच म्हणतात.

"थोडक्यात सांगते," वकीलबाई म्हणाल्या. वयानं सुनेपेक्षा लहान, पण फाइल उघडली की वहिनीसुद्धा त्यांच्यापुढे सरळ बसत. "तुमच्यावर वकिलाच्या फीचा दावा झाला. तुम्ही हजर राहिला नाहीत, म्हणून कोर्टानं एकतर्फी हुकूमनामा दिला. म्हणजे समोरच्याचं ऐकलं आणि तुमचं सांगायला कुणी नव्हतंच. त्या हुकूमनाम्यापोटी आता कारखान्यावर जप्ती आलीय. ती टाळायची तर आधी हुकूमनामा रद्द व्हायला हवा. आणि कोर्ट एकच गोष्ट विचारणार. तुम्ही आला का नाहीत?"

"कळलंच नाही तर येणार कुठून?" वहिनी म्हणाल्या.

दावा जुन्या वकीलसाहेबांनी लावला होता, हे सगळ्यांना जास्त लागलं होतं. चुलत्यांनी जागेवर हक्क सांगितला तेव्हा याच वकीलसाहेबांनी वर्षानुवर्षं झुंजून कारखाना वाचवला. त्यांच्या फीचं दादा बघायचे. काही रोख, काही रंगकामाच्या रूपानं, असं दोघांचं तोंडी ठरलेलं होतं. दादा गेले आणि ते बोलणंही त्यांच्याबरोबर गेलं. वकीलसाहेबांची पत्रं दादांच्या नावानं जुन्या घरी जात राहिली, आणि तिथं आता भलतंच कुणी राहतं.

"पण बेलिफ म्हणतो तुम्हाला कळवलंय." वकीलबाईंनी पान उलटलं. "दोनदा आला, कारखाना बंद."

"तेव्हा आम्ही सगळे एका शाळेच्या कामावर होतो. मुक्कामाला," पुट्ट्या म्हणाला.

"बरोबर. म्हणून तिसऱ्या वेळी कोर्टाच्या परवानगीनं त्यानं समन्स दारावर डकवलं. या दारावर. सकाळी लवकर. साक्षीला शेजारच्या टायरवाल्याची सही आहे."

"टायरवाला आणि आम्ही बोलत नाही," वहिनी म्हणाल्या. "थिनरच्या वासावरून बिनसलंय. आमच्या दाराला आग लागली तरी तो सांगायला यायचा नाही."

"डकवलंच नाही हो," पुट्ट्या म्हणाला. "बेलिफ खोटं बोलतो."

"साफ खोटं," सून म्हणाली.

"टेबलाशी बसून लिहितात असले रिपोर्ट," वहिनींनी भर घातली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. या घराण्याची कामं त्या वर्षभर पाहत होत्या. सून आणि पुट्ट्या यांचं आज वार कोणता यावरसुद्धा कधी एकमत झालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. भिंतीला चिकटवायच्या नक्षीच्या कागदांची कामं घ्यावीत की नाही, यावर तर तिघांची तीन मतं होती आणि काकांचं चौथं. आणि आज तिघं एका सुरात बोलत होती. फक्त काका गप्प होते. ते दाराकडे तोंड करून बसले होते.

ते दार म्हणजे या कारखान्याची पाटीच. आजोबांनी घालून दिलेला नेम असा की दिवसाचा पहिला रंग कालवला की त्याचा एक हात आधी दारावर मारायचा. गिऱ्हाइकानं डब्यात डोकावून रंग ठरवायचा नाही, रस्त्यावर उभं राहून, उन्हात, दारावर बघायचा. तीन पिढ्यांच्या हातांनी ते दार चांगलं बोटभर जाड झालं होतं. दर दोन-तीन वर्षांनी बिजागऱ्या बदलाव्या लागत. नक्षीचे कागद आल्यापासून पुट्ट्या त्यांचे तुकडेही नमुन्यासाठी त्याच दारावर चिकटवायचा, आणि दारावर कागद बघितला की काकांचं डोकं फिरायचं.

सुनेनं पदरानं कपाळ पुसलं. तिला ती सकाळ लख्ख आठवत होती. ती कामावर आली तर दारावर ओला राखाडी रंग, आणि त्या रंगाखाली कागदाची चौकोनी कड स्पष्ट उठलेली. नवऱ्यानं नक्षीचा नमुना लावला असणार आणि काकांनी त्याच्यावरूनच रोलर फिरवला असणार. काकांना तो दिसला नव्हता. काकांना आता समोरचं दिसत नाही, हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीच त्यांना घेऊन गेली होती, मंडईत जाते असं सांगून. समोर धरलेल्या वस्तूचा मधला भाग पुसल्यासारखा दिसतो, कडेचं तेवढं दिसतं, आणि हे आता सुधारायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी परतताना काका एवढंच म्हणाले होते, "पोरी, मला टेबलावरून उठवू नकोस." तेव्हापासून ती रोज सकाळी डब्यांवरचे आकडे आपल्याशीच बोलल्यासारखे मोठ्यानं वाचत असे. त्या दिवशी तिनं पटकन पत्र्याच्या पट्टीनं कड दाबून बसवली आणि वरून एक हात मारला. तो कोर्टाचा कागद होता, हे जप्तीवाले आले त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

"मला प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिता यायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "टायरवाला साक्षीला उभा राहिला तर आपला अर्ज तिथंच संपतो. आणि कारखानाही जातो."

"डकवला होता कागद," काका म्हणाले.

पुट्ट्या म्हणाला, "काका, तुम्ही यात पडू नका."

"मीच पडलोय ना त्यात." काका उठले. "दार मी रंगवलं. रोलरला कड लागली होती. वाटलं, तुझा नमुन्याचा कागद. मनात म्हटलं, बरा सापडलास, आणि दोनदा दाबून फिरवला." ते दारापाशी गेले आणि छातीच्या उंचीवर त्यांनी तळवा ठेवला. "वाचायचा प्रश्नच नव्हता, बाई. मला वाचता येत नाही आता. मला दिसतच नाही."

हे वाक्य बोलायला त्यांना वर्ष लागलं होतं. बोलून झाल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले. आता कुणीतरी रडेल, कुणीतरी ओरडेल, अशी त्यांची तयारी होती. तसं काहीच झालं नाही. त्यांचा हात मात्र दारावर फिरत राहिला, डावीकडे, उजवीकडे, परत खाली. मग तो थांबला.

"कड कुठाय?" ते म्हणाले.

बाकावरच्या तिघांनी तीन दिशांना पाहिलं.

"माझ्या एका हातानं कड बुजत नाही. जाड कागद होता तो. रोजचे हात नंतर बसले म्हणावं, तरी कागदाचा उठाव रंगानं जात नाही. इथं लांबी, पुट्टी भरलीय. भरून घासलीय." काका वळले. "कुणी भरली?"

"मी," पुट्ट्या म्हणाला.

सुनेनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी बघितलं मी. वाटलं, हिनं नमुना लावला आणि तुम्ही त्यावर रंग मारलात." पुट्ट्याचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून सकाळी लवकर येऊन कडा भरल्या आणि एक हात मारला."

"म्हणजे तुला माहीत होतं?" सून म्हणाली. "यांच्या डोळ्यांचं?"

"तुला माहीत होतं?"

"मी डॉक्टरकडे नेलं होतं यांना."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

"माझाही एक हात आहे त्यात," वहिनी म्हणाल्या. त्या अजून बाकावरच होत्या आणि चष्मा पुसत होत्या. "उन्हं तिरकी आली की तो चौकोन दिसायचा. मला वाटलं, भावजींचा कसला तरी घोटाळा आणि या दोघांना पत्ता नाही. म्हणून गडद विटकरी काढायला लावला आणि स्वतः फिरवला. गडद रंगात काही दिसत नाही." त्यांनी चष्मा लावला. "रंगात मिसळायच्या स्टेनरच्या बाटल्यांना मी रबरबँड बांधलेत, भावजी. काळ्याला एक, निळ्याला दोन, पिवळ्याला तीन. तुम्हाला काय वाटलं, मला हौस आहे?"

काकांना खरंच तसं वाटलं होतं. वहिनींच्या टापटिपीला त्यांनी कित्येकदा मनात हसून घेतलं होतं, आणि त्याच रबरबँडांवरून बोट फिरवून बाटल्या ओळखल्या होत्या. ते परत येऊन बसले, पण बाकावर नाही, आपल्या टेबलामागे.

"म्हणजे मी वर्षभर नाटक करत होतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही तिघं पहिल्या रांगेत बसून बघत होतात."

"एकमेकांना न सांगता," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"आणि माझे रंग? पुट्ट्या, खरं सांग. माझे रंग बरोबर जात होते?"

पुट्ट्यानं शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "बरेचसे जात होते."

"आणि बाकीचे?"

"साइटवर सुधारून घ्यायचो."

काकांनी टेबलावरची काठी उचलली, रंग ढवळायची, आणि पुन्हा होती तिथं ठेवली. समोरच्या तिघांचे चेहरे त्यांना दिसत नव्हते, आणि त्या वेळी ते बरंच होतं. त्यांना राग आला होता. आपल्याला तान्ह्या पोरासारखं सांभाळलं याचा तो राग होता, आणि त्याच्या बुडाशी दुसरंच काहीतरी होतं, रागाइतकंच जड. दोन्ही एकदम बोलता येत नाही म्हणून त्यांनी बाटल्यांवरचे रबरबँड बोटानं चाचपले.

वकीलबाई दाराशी गेल्या. "हे खरवडून बघता येईल?"

पुट्ट्यानं गरम हवेचं यंत्र आणलं. एका कोपऱ्यात त्यानं रंग मऊ केला आणि सुनेनं पट्टीनं सोलायला सुरुवात केली. आधी अलीकडच्या सकाळींचे हात निघाले, मग वहिनींचा विटकरी, त्याखाली पुट्ट्याचा दुधी आणि लांबी, मग सुनेचा राखाडी, मग काकांचा राखाडी. त्याखाली भिजून पिवळा पडलेला कागद होता आणि त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची अर्धी गोल कड. वकीलबाईंनी सुनेचा हात धरला.

"पुरे. बाकीचा असाच राहू दे. फोटो घेते, आणि बेलिफच्या समोर उघडायची परवानगी मागू." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "समन्स लागलं होतं, पण कुणी वाचलंच नाही. हे पटण्यासारखं आहे. फक्त चौघांनीही सांगावं लागेल. आणि काकांना दिसत नाही, हे कागदावर यावं लागेल."

"ते नको," पुट्ट्या लगेच म्हणाला. "कोर्टातलं बाहेर यायला वेळ लागत नाही. लोक आमच्याकडे काकांच्या नजरेसाठी येतात. कारखाना वाचवाल आणि गिऱ्हाईक घालवाल."

"मलाही तेच वाटतं," वहिनी म्हणाल्या. "जागा गेली तर भाड्यानं दुसरी घेऊ. भावजींचं नाव कोर्टात उगाळायचं नाही."

"आई, भाड्याच्या जागेत एवढं सामान कुठं मावणार?" सून म्हणाली. "आणि लपवून लपवून तर इथवर आलोय."

"तू मध्ये बोलू नकोस," पुट्ट्या म्हणाला.

"ती नाही बोलायची तर कोण बोलणार?" काका म्हणाले. "वर्षभर तिनं मला तिचे डोळे वापरायला दिलेत." त्यांनी वकीलबाईंच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "लिहा, बाई. नाव माझं आहे. त्याचं काय करायचं ते मी ठरवतो."

वहिनी काही बोलणार होत्या. दीर म्हणून हा माणूस त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला होता. दादा गेल्यावर पहिल्या सकाळी कारखाना उघडून दारावर रंग मारणाराही तोच होता. ते आठवलं आणि वहिनींनी वकीलबाईंचं पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

*

कोर्टाची खोली त्यांच्या अपेक्षेपेक्षा लहान निघाली. भिंतींचा रंग बुडाशी पोपडे धरून सुटला होता. पुट्ट्यानं आत शिरताच नखानं एक पोपडा उडवला आणि वहिनींनी त्याच्या हातावर चापट मारली. जुने वकीलसाहेब पहिल्या रांगेत बसले होते, दोन्ही हात काठीवर ठेवून. त्यांच्या बाजूनं बोलायला त्यांचाच मुलगा उभा होता, आणि खटल्याचा सगळा जोर त्याच्यात होता.

"माझ्या विद्वान सहकारी सांगतात," तो न्यायाधीशबाईंना म्हणाला, "की कोर्टाचा कागद दारावर होता, घरातल्या चारही माणसांनी तो पाहिला, आणि चौघांनीही त्यावर रंग मारला. पाळीपाळीनं. याला चुकून झालं म्हणायचं?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. फोटो त्यांनी पुन्हा जवळ घेऊन पाहिले. बेलिफसमोर उघडलेला तो चौकोन, आणि त्याच्या कडांना पातळ पातळ थर.

"हा विटकरी कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," वहिनी उभ्या राहिल्या.

"का मारलात?"

"दिरांची चूक झाकायला."

"तुम्हाला वाटलं, त्यांची चूक आहे. कागद कसला आहे ते पाहिलंत का?"

"कागद दिसतच नव्हता, साहेब. माझ्याआधी या दोघांनी झाकून ठेवला होता. मला नुसता उठाव दिसला."

"आणि तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं," सून म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी काकांना पुढे बोलावलं. सून त्यांच्या कोपराला हात लावायला गेली, पण ते स्वतःच कठड्याला धरून उभे राहिले. "तुम्हाला मी दिसते?"

"खुर्ची दिसते. खुर्चीत कुणीतरी आहे एवढं कळतं. मान जरा वळवली तर तुमचा खांदा दिसतो."

"आणि रंगाचं काम करता?"

"करत होतो असं मला वाटत होतं, साहेब. गेल्या महिन्यात कळलं की आम्ही चौघं मिळून करत होतो."

वकीलसाहेबांच्या मुलानं हरकत घेतली, हे सगळं भावनिक आहे आणि मूळ मुद्दा फी बुडवण्याचा आहे. काकांनी मान त्याच्या आवाजाकडे वळवली.

"बुडवायची नाहीये," ते म्हणाले. वकीलबाईंनी डोळ्यांनी खूण केली, पण ती त्यांना दिसणार कशी. "द्यायची आहे. वकीलसाहेबांनी आमचा कारखाना वाचवला नसता तर रंगवायला दारच उरलं नसतं. दादा त्यांचं देणं कसं फेडत होता ते पूर्ण मला माहीत नाही. त्यांच्या घराच्या खोल्या मी स्वतः रंगवल्यात, त्या धरायच्या की नाही तेही माहीत नाही. तेवढंच इथं उभं राहून विचारायचं होतं. आणि आभार मानायचे होते. ते दादानं मानले असतील असं धरून आम्ही कुणी मानलेच नाहीत."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. अर्जाच्या कुठल्याही कलमात हे बसत नव्हतं.

पहिल्या रांगेतली काठी फरशीवर वाजली. जुने वकीलसाहेब सावकाश उठले. मुलानं त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला, पण ते ऐकेनात. "मला बोलायची परवानगी असावी," ते म्हणाले. "मी तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. मला वाटलं, काम झालं आणि ही माणसं मला विसरली. दावा मी रागानं लावला. अर्जाला माझी हरकत नाही."

"बाबा," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"तू फीचं बघ. माणसांचं मी बघतो."

न्यायाधीशबाईंनी निकाल तिथंच सांगितला. हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं, सबब एकतर्फी हुकूमनामा रद्द. दावा पुन्हा सुरुवातीपासून चालेल. प्रतिवादींनी फीचा काही भाग कोर्टात जमा करावा, दाव्याचा खर्च द्यावा, आणि तोवर जप्तीला स्थगिती. कागद पुढे सरकवताना त्या वकीलबाईंना म्हणाल्या, "तुमच्या अशिलांना सांगा, दारावर निदान एक महिना काही मारू नका." या वेळी त्या हसल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलसाहेब काकांच्या समोर येऊन उभे राहिले. काकांनी त्यांना काठीच्या आवाजावरून ओळखलं आणि वाकून पायांना हात लावायला गेले. वकीलसाहेबांनी मध्येच धरलं.

"अरे, आपण दोघं एका वयाचे आहोत. हे काय करतोस?"

"तुम्ही नसता तर..."

"मी नसतो तर दुसरा कुणी वकील असता. पण माझ्या घरच्या जिन्याचा तो फिकट पिवळा दुसऱ्या कुणाच्या हातचा नसता. अजून तसाच आहे." त्यांनी काकांचे हात सोडले नाहीत. "खोल्या धरायच्या की नाही विचारलंस ना? धरायच्या. दादाचं आणि माझं तसंच ठरलं होतं. बाकी किती उरतं ते पोरं भांडून काढतील."

वहिनींनी तोंड फिरवलं. दादांचं बोलणं कुणाच्या तरी ध्यानात होतं, एवढ्यानंच त्यांचे डोळे भरले. कारखान्याशी गाडी थांबल्यावर त्या थेट शेजारी गेल्या आणि टायरवाल्यानं साक्षीदार म्हणून खरी सही केली म्हणून त्याचे आभार मानून आल्या. तो इतका गोंधळला की त्यानं त्यांना बसायला टायर दिला.

*

पुट्ट्याची भीती अगदीच खोटी ठरली नाही. दोन दिवसांनी एका आर्किटेक्टचा फोन आला. काकांच्या प्रकृतीची त्यानं फार आपुलकीनं चौकशी केली आणि तेवढ्याच आपुलकीनं आपलं काम काढून घेतलं. पुट्ट्यानं फोन खिशात ठेवला. त्यानं काकांना लगेच सांगितलं, आणि काकांनी "बरं" म्हटलं. पूर्वी असं काही झालं असतं तर त्यानं ते आठ दिवस पोटात ठेवलं असतं.

बालवाडीचं काम मात्र टिकलं. मुख्याध्यापिकेला फिका हिरवा हवा होता, दुधात कालवल्यासारखा, मुलांना झोप येणार नाही आणि डोळ्यांवरही येणार नाही असा. सकाळी काका टेबलामागे बसले. पांढऱ्याचा डबा, समोर बाटल्या. त्यांनी दोन रबरबँडांची बाटली उचलली, थेंब सोडले, मग तीन रबरबँडांची. काठी फिरवत राहिले, काठीला रंगाचा जाडपणा लागेपर्यंत. हात जुनाच होता, त्यात काही उणं नव्हतं.

दारावर रंग मारायला कोर्टाच्या हुकमानं बंदी होती, म्हणून त्यांनी फळीच्या तुकड्यावर एक पट्टा ओढला आणि फळी सगळ्यांच्या दिशेनं धरली.

"कसा झालाय?"

वर्षभराची झाकायची सवय होती. वहिनी हिशेबाच्या कागदात बघायला लागल्या. पुट्ट्याच्या मनात आलं, साइटवर गेल्यावर बघू. हा रंग कुणाला न कळता कसा सुधारता येईल, हे त्याला उभ्या उभ्या दिसत होतं. सून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि खाली उतरली.

"चुकलाय, काका," ती म्हणाली.

"कुठं चुकलाय?"

"निळा जास्त झालाय. थंड दिसतोय. दवाखान्यासारखा."

काकांनी फळी खाली ठेवली. त्यांचा चेहरा आधी काहीच सांगत नव्हता. मग तो हळूहळू असा मोकळा झाला की वहिनींनी हातातला कागद खाली ठेवला. दादा असताना, दोघं भाऊ या टेबलाशी खांद्याला खांदा लावून रंगावरून तासन् तास हुज्जत घालायचे, त्यानंतर हा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

"थंड म्हणजे किती?" काकांनी विचारलं. "पिवळ्याचे दोन थेंब, की जास्त?"

"दोन," सून म्हणाली.

"तीन," पुट्ट्या दारातून म्हणाला. "दोनानं काय होणार?"

"तुम्ही दोघंही थांबा, त्याला पिवळा नको, पांढरा हवाय," वहिनी म्हणाल्या आणि हिशेबाचं टेबल सोडून उठून आल्या.

तिघं टेबलाभोवती गोळा झाली आणि एकाच वेळी बोलायला लागली. काका मान एकीकडून दुसरीकडे वळवत प्रत्येकाचं ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे पुसले आणि काठी पुन्हा हातात घेतली.

"एकेक जण बोला," ते म्हणाले. "आणि पुन्हा चुकला तर पुन्हा सांगा."